तीन बोटांची फट

प्रश्न: ताई, माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. पूर्ण दिवसांची, जन्मली तेव्हा वजन २.९ किलो. पलंगाला लागून ठेवायची बेडसाइड कॉट आणली आहे. पण पलंग आजेसासऱ्यांच्या वेळचा. त्याची कडेची फळी गादीच्या बाहेर येते, म्हणून आमची गादी आणि कॉट यांत तीन बोटांची फट राहते. तिथे मी जुनी चादर गुंडाळून कोंबली आहे. सासूबाई म्हणतात, पोर आईच्या कुशीतच निजायला हवं, आणि डोक्याखाली मोहरीची उशी हवी. उताणं निजवलं तर दूध घशात जाईल, अशीही त्यांना भीती. शिवाय गणेश चवथीला सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जायचंय. तिथे सगळे खाली गाद्या घालून झोपतात. काय करू?
– एक आई, डिचोली

उत्तर: आधी ती चादर काढ, बाकीचं मग वाच.

वरून फट भरल्यासारखी दिसते, पण तू कुशीवर वळलीस की गादीची कड दबते, चादर सैल होते आणि मधे एक मऊ खळगा तयार होतो. अडीच महिन्यांच्या बाळाचं तोंड त्यात गेलं तर मान उचलून बाहेर काढण्याची ताकद त्याच्यात नसते. आणि ते रडतही नाही.

फट बुजवायची नसते, घालवायची असते. फळी गादीच्या पातळीखाली असेल तर गादीच सरकवून कॉटला भिडवा. फट नवऱ्याच्या बाजूला जाईल. तिथे चादर काय, गोधडी कोंबलीत तरी चालेल. कॉटचे पट्टे गादीखालून नेऊन पलीकडच्या फळीला आवळून बांधा. मग तू काठावर बस आणि बसल्या बसल्या जोडावर हात दाब. बोट आत गेलं तर काम झालेलं नाही. पट्टे सैल पडतात, म्हणून हे रोज रात्री करायचं. कॉटच्या उघड्या बाजूला ठेंगणा कठडा असतो (२०१९च्या युरोपीय मानकात तो किमान १२ सेंटिमीटरचा आहे). तुमची गादी त्याहून वर येता कामा नये. जुने पलंग उंच असतात. कॉट कमी पडली तर खाली विटा लावू नका. असं काहीच जुळत नसेल तर कॉटची चौथी बाजू चढवून ती पलंगापासून हातभर दूर ठेव. बाळ त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर आहे ना, मग सासूबाईंचं निम्मं म्हणणं राहिलंच की.

मोहरीची उशी मात्र नको. वर्षाच्या आत कसलीच उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून एक रात्र उशाशी, एक रात्र पायथ्याशी डोकं ठेव, आणि दिवसा जागी असताना तुझ्या नजरेसमोर पालथी घाल. रात्री उताणीच. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर येते, त्यामुळे उलटून आलेलं दूध खालीच राहतं. ब्रिटनमध्ये १९९१ साली उताणं निजवण्याची मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. सासूबाईंना हे तू नको, डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. घरातल्या घरात असं बोलणं जड जातं.

आता माझी एक गोष्ट. थोरल्याच्या वेळी रात्री पाजायला मी व्होल्तेरवर बसायचे, आपली ती लांब हातांची वेताची खुर्ची. पलंगावर डुलकी लागेल म्हणून. लागली ती खुर्चीतच. जाग आली तेव्हा पोर माझी कूस आणि खुर्चीचा हात यांच्यामधे घसरलं होतं, नाक माझ्या चोळीत. वाचलं. पण त्यानंतर खुर्ची बंद. पाजताना झोप लागेल असं वाटलं तर आरामखुर्ची-सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला केलेला पलंग बरा. जाग येताच बाळ पुन्हा त्याच्या जागी. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, किंवा तुम्ही दोघांपैकी कुणी दारू वा झोप आणणारं औषध घेतलं असेल, तर तेवढंही नको.

चवथीचं म्हणशील तर कॉट घडीची असेल तर गाडीत टाक. नसेल तर जमिनीवर पातळ, कडक काथ्याची छोटी गादी बाळाला वेगळी. ती तुझ्या एका अंगाला. बाळाच्या दुसऱ्या अंगाला भिंत नको, भाचरंही नकोत. मच्छरदाणी ताणून गादीखाली खोच, पावसाळ्यात गोम येते. बाळाच्या गळ्यातले काळे मणी झोपताना काढ, आणि पंखा चालू असला तरी घरात टोपडं नको. आरत्या संपेपर्यंत कुणी ना कुणी बाळाला मांडीवर घेऊन पेंगणारच, तिकडे लक्ष ठेव.

तुळशीच्या लग्नापर्यंत ती हातांवर रेटून उठू लागेल. तसं दिसलं की ही कॉट बंद. मग उंच कठड्याचा पाळणा लागेल. सुताराकडून करून घेणार असशील तर गजांतलं अंतर ६ सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांग, आणि आताच सांग. सुताराचं ‘येत्या आठवड्यात’ तुला ठाऊकच असेल.