गोपनीयतेचं कलम आलं की थांबून वाच

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

बालगृहांच्या तपासणीच्या कामावर रुजू होतेस, आधी काय वाचू, असं विचारलंस. आयर्लंडमध्ये धर्मसंघांच्या निवासी शाळांत मुलांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाचा अहवाल वाच. मे २००९ मध्ये आला, पाच खंड आहेत. सलग वाचायला जाऊ नकोस, झेपणार नाही. दुसऱ्या खंडातलं गोल्डनब्रिज आधी घे. डब्लिनमधली ही निवासी शाळा ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या धर्मभगिनींची. तिथल्या लहान मुली शाळा सुटली की जपमाळा ओवायला बसत. दहा-दहा मण्यांच्या साठ लडी, रोजच्या रोज. तारेनं बोटं कापायची, आणि काम पुरं झालं नाही तर मार. त्याच माळा हातात घेऊन बाहेर माणसं देवाचं नाव घेत होती. मला हे अजून वाचवत नाही.

सरकार दर मुलामागे संस्थेला पैसे देत होतं. तपासनीसही येत. पण बहुधा आधी कळवून, आणि मुलांशी ते क्वचितच बोलत, असं आयोगानं लिहून ठेवलंय. म्हणून तू गेलीस की रजिस्टरं नंतर माग. अधीक्षकांना बाहेर थांबायला सांग आणि आधी मुलांत जाऊन बस.

आता कायद्याचं. १९९९ मध्ये पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी देशाच्या वतीनं या मुलांची माफी मागितली. २००२ मध्ये भरपाईचा कायदा झाला आणि पंधरा हजारांवर लोकांना सरासरी ६२ हजार युरो मिळाले. धर्मसंघांनी द्यायचे होते १२ कोटी ८० लाख युरो, तेही काही मालमत्तेच्या रूपात. बदल्यात पुढच्या दाव्यांची जबाबदारी सरकारनं उचलली. एकूण खर्च दीड अब्जांच्या घरात गेला!

त्याच कायद्याचं २८वं कलम बघ. भरपाई मागणाऱ्यानं आपल्या अर्जाबद्दल किंवा मिळालेल्या रकमेबद्दल, संस्थेची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध केलं तर गुन्हा. २५ हजार युरोपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. लहानपणी ज्यांना गप्प बसवलं, त्यांना म्हातारपणी कायद्यानं गप्प केलं. आणि अत्याचार करणाऱ्यांची नावं? मुलग्यांच्या अशा शाळा चालवणारा ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ हा धर्मसंघ कोर्टात गेला, म्हणून अहवालात टोपणनावं आली.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या आपल्या पॉक्सो कायद्यातलं २३वं कलमही नाव लपवतं, पण मुलाचं. ती गोपनीयता जिवापाड जप. संस्थेची बदनामी नको म्हणून मागितलेली गोपनीयता वेगळी. मठ असो, मिशन असो, मदरसा असो की आश्रमशाळा, विश्वस्त हात जोडून सांगतील, ‘घरातलं घरात मिटवू.’ पालकांची सही असलेला कागदही पुढे करतील. त्या कागदानं गुन्हा मिटत नाही. तुला कळलं, की पोलिसांना कळवणं १९व्या कलमानं तुझ्यावर बंधनकारक आहे. वरिष्ठांना विचारून सांगते, असं म्हणत एक दिवसही घालवू नकोस.

पहिल्या भेटीला जायच्या आधी फोन कर. मुलांना काय विचारायचं आणि काय अजिबात विचारायचं नाही, ते निवांत बोलू.