चंद्रकांत मांढरे कोण होते? कोल्हापुरात त्यांचं काही बघण्यासारखं आहे का?

जुन्या मराठी सिनेमातले नट आणि चित्रकार. आणि बघण्यासारखं म्हणाल तर आहे की! राजारामपुरीत त्यांचं घरच आता कलासंग्रहालय आहे. अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा उरकला की तासभर तिकडं काढा.

गोपाळ मांढरे हे मूळ नाव, जन्म कोल्हापूरचाच, १९१३ चा. बाबूराव पेंटरांच्या १९३६ च्या ‘सावकारी पाश’ या बोलपटात ते दिसले, पण घराघरांत पोचले ते भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतून. १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’त महाराजांची भूमिका त्यांचीच. आमची आजी महाराज म्हटलं की चंद्रकांतांचाच चेहरा डोळ्यांपुढं येतो म्हणायची. तिच्या पिढीत असं बऱ्याच जणांचं झालं होतं. धाकटे भाऊ सूर्यकांत, तेही नटच. अनंत मानेंच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये (१९५९) दोघं भाऊ आहेत. फेटा, धोतर, भारदस्त आवाज... गावरान मराठी सिनेमातला रुबाबदार गडी कसा दिसावा, हे या दोघांनी ठरवून टाकलं म्हटलं तरी चालेल.

पण संग्रहालयात सिनेमा शोधत फिरू नका, तिथला खरा ऐवज म्हणजे त्यांची चित्रं. ‘पावडर शेडिंग’ म्हणजे रंगाची कोरडी भुकटी कागदावर चढवत केलेली निसर्गचित्रं. लांबून नुसतं धुकं वाटतं. जरा पुढं व्हा, मग झाडं, पाणी सुटं सुटं दिसायला लागतं. माझ्या मते नटापेक्षा चित्रकार काकणभर सरसच (भांडायला कुणी येणार, माहीत आहे!).

सोमवारी जाणार असाल तर आधी उघडं आहे का विचारून घ्या.