दोन आज्या, तीन घाट आणि एक गाडी

प्रश्न: आई-वडील, सासूबाई आणि मुलं अशा सगळ्यांना घेऊन पहिल्यांदाच एका गाडीतून कोकणात जाणार आहोत. भांडणं न होता सहल कशी पार पाडावी?

भांडणं न होता नाही पार पडत. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशेवर राहायला नको. पण कशावरून भांडायचं ते मात्र निघायच्या आधी ठरवता येतं, आणि तेवढं जमलं तर चार दिवस बरे जातात. ही विद्या माझ्या आईची. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि ती ही चाल खेळते हे मला कळलं गेल्या डिसेंबरात. तेही परतीच्या वाटेवर.

आम्ही सातजण. मी, नवरा, दोन मुलं, माझे आईबाबा आणि सासूबाई. पुण्याहून गुहागर, तिथून गणपतीपुळे आणि परत. मुलांनी 'आजी' अशी हाक मारली की दोघी वळून बघतात, म्हणून एक नुसती आजी आणि एक कराडची आजी.

निघायच्या तीन आठवडे आधी आईनं घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एवढंच टाकलं: "कुठल्या घाटानं जायचं? माझं काय, मी कुठूनही येईन."

झालं. बाबा म्हणाले, वरंधा. भोरवरून महाडला उतरायचं, वर वाघजाईपाशी गरम भजी खायची, दरीकडे बघत. त्यांचा घाट निवडायचा निकष पहिल्यापासून आजपर्यंत भजी हाच आहे. नवरा म्हणाला, ताम्हिणी, कारण मोबाईल तसं म्हणतोय. सासूबाई म्हणाल्या, कराडकडच्या माणसाला कुंभार्लीशिवाय दुसरा घाट असतो हे त्या आजच ऐकताहेत. हायवेनं उंब्रजपर्यंत जायचं, पाटणला वळायचं आणि चिपळूणला उतरायचं. मग नकाशे आले, घाटातल्या खड्ड्यांचे फोटो आले, बाबांनी १९९४ साली वरंध्यात गाडी तापली होती तो किस्सा परत सांगितला (आणि तरीही वरंधाच). खरं तर गुहागरला कुठूनही गेलं तरी फार फरक पडत नाही, अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासच येतं. पण हे बोलून दाखवायची कोणाची हिंमत?

आता गंमत बघा. त्या तीन आठवड्यांत खोल्या एसी की साध्या, कोणाच्या खोलीत कोण झोपणार, खर्च कोणी करायचा, यातल्या कशावरही कोणी चकार शब्द काढला नाही. मी विचारायचे, मग परस्पर ठरवून टाकायचे. मला वाटलं, वयानुसार माणसं समजूतदार होत असावीत.

शेवटी आईनंच सहज म्हटलं, "विहीणबाईंना तेवढीच माहेरची वाट दिसेल." यावर बाबा काय बोलणार? कुंभार्ली ठरला.

पहाटे पाचला निघायचं होतं, सात वाजून दहा मिनिटांनी निघालो. डिकीत अकरा पिशव्या. दोघी आज्यांनी एकमेकींना न विचारता तिखटमिठाच्या पुऱ्याच केल्या होत्या. साताऱ्याच्या अलीकडे डबे उघडले तेव्हा बाबा एक पुरी या डब्यातली, एक त्या डब्यातली अशी मोजून खात होते. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस.

बसायच्या जागांचं मात्र मी ऐकून घेत नाही. बाबा पुढे, ड्रायव्हरशेजारी. कारण मागे बसले की ते मानेजवळून सूचना करतात, पुढे बसले की फक्त ब्रेक मारतात. म्हणजे त्यांच्या पायाखाली नसलेला ब्रेक. समोर ट्रक आला की उजवा पाय आपोआप दाबला जातो. आमच्या गाडीची डावीकडची मॅट टाचेखाली झिजून तिला रुपयाएवढं भोक पडलंय, ड्रायव्हरकडची मॅट अजून धड आहे.

मुलांना मोबाईल द्यायचा नाही असं ठरवलं होतं. मग करायचं काय, तर नंबरप्लेटा ओळखायच्या. एमएच १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ११ सातारा, ०९ कोल्हापूर, ०८ रत्नागिरी. उंब्रज जवळ आलं तशा एमएच ५० दिसायला लागल्या आणि सासूबाई सरसावून बसल्या. "हे कराड. आधी आम्हाला साताऱ्याचाच नंबर घ्यावा लागायचा. आता आमचा स्वतःचा आहे." जणू आरटीओतून त्यांनीच मंजूर करून आणला. दुसरा खेळ बाबांनी आम्हाला लहानपणी शिकवलेला: किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असलं की राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं की राज्यमार्ग. रंग बदलला की जो आधी ओरडेल त्याला एक गोळी. तुम्हीही हे करून बघा, तासभर आरामात निघतो. गोळ्या मात्र आवळ्याच्या ठेवा, चॉकलेटं पुढे घाटात महागात पडतात.

पाटण मागे पडलं आणि कोयनेच्या अलीकडे सासूबाई गप्प झाल्या. मग काचेबाहेर बघतच बोलायला लागल्या. ११ डिसेंबर १९६७, पहाट. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या, कराडच्या घरात. आधी फळीवरची भांडी वाजली, मग खालची जमीन. वडिलांनी गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, आणि पुढे कित्येक रात्री सगळी आळी त्या थंडीत उघड्यावर झोपली. घरात जायचं धाडसच होईना. गाडीत कोणी बोलेना. धाकट्यानं विचारलं, "आजी, मोबाईल नव्हता तर भूकंपच आहे हे कळलं कसं?"

सासूबाई म्हणाल्या, "कळतं रे."

इथे बाबांना राहवेना. ते वीज मंडळात होते. हिशेब खात्यात होते, पण कोयनेचं सांगायला लागले की बोगदे यांनीच खणले असं ऐकणाऱ्याला वाटावं. त्यांनी मुलांना समजावलं की ही नदी मुळात पूर्वेला जाते. कराडला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरवलं, त्यावर वीज काढली, आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठीत सोडलं. म्हणजे ते पाणी आता अरबी समुद्राला मिळतं. १३ मार्च १९९९ला तर धरण रिकामं न करता जलाशयाच्या तळाशी सुरुंग लावून भोक पाडलं, लेक टॅपिंग म्हणतात ते. हे सांगताना बाबांच्या आवाजात असा काही भाव होता की वात त्यांनी पेटवली असावी.

धाकटा थोडा वेळ विचारात पडला. "म्हणजे आजोबा, नदी पण कुंभार्लीनंच गेली?"

सासूबाईंनी मागून फक्त "हं" म्हटलं. एवढं समाधानी "हं" मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

घाट उतरताना थोरलीनं दप्तरातून कधी टॅब काढला कळलं नाही. शेवटच्या वळणांना तिला गाडी लागली. यामागचं कारण साधं आहे: डोळे पडद्यावर खिळलेले असतात, ते सांगतात आपण जागच्या जागी आहोत, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं जे काही असतं ते सांगतं, अरे, आपण वळतोय. मेंदू गोंधळतो आणि पोटावर राग काढतो. लांब समोर बघत बसलं, काच खाली केली की बरंच निभावतं. दोन आज्यांकडून लिंबू, ओवा, आवळासुपारी, आलेपाक आणि "तरी मी म्हणत होते" एवढं सगळं एकदम पुढे आलं. माझा एकच सल्ला: पिशवी आधी फुंकून बघा. आमच्या पिशवीला खाली भोक होतं. नवऱ्याचे बूट नवे होते. यापुढे लिहीत नाही.

गुहागरात घरगुती खानावळीत जेवायचं असलं तर आधी फोन करावा लागतो. ऐनवेळी सातजण जाऊन उभे राहिलात तर त्या बाई तरी काय करणार. चिपळुणातून फोन लावला. "किती पानं?" सात. "मासे किती, साधी किती?" आणि तेव्हा लक्षात आलं, मार्गशीर्षातला गुरुवार. आईचा गुरुवार, सासूबाईंचाही गुरुवार, मुलांना मोदक, मी काठावर. शेवटी पाच साधी, दोन माशांची. नवऱ्याचं मी समजू शकते, तो कधीच पाळत नाही. दुसरं पान बाबांचं. "गुरुवार ती पाळते, मी कुठे पाळतो?" असं म्हणाले खरं, पण बांगडा खाल्ला तो भिंतीकडे तोंड करून. सोलकढी मात्र वळून मागितली.

गुहागरचा समुद्र, सूर्यास्त वगैरे तुम्ही बघालच. त्याचं वर्णन करत नाही, मला जमतही नाही.

दुसऱ्या दिवशी पुळ्याला जायचं होतं. वाटेत वेळणेश्वर झालं, हेदवीला दशभुजा गणपती झाला. बामणघळीत भरतीचं पाणी कपारीतून वर उसळतं ते बघायला गेलो तर ओहोटी होती. दगड बघून आलो. त्यानंतर तवसाळ. तिथून खाडीपलीकडे जयगड, आणि मध्ये फेरीबोट. गाडीसकट बोटीत बसायचं आणि पलीकडे उतरायचं, नाहीतर शास्त्री नदीच्या खाडीला भलामोठा वळसा. मुलांसाठी अख्ख्या सहलीत हीच गोष्ट खरी. जमलं तर तुमच्या वाटेत एखादी फेरीबोट नक्की घाला.

त्या दिवशी स्टिअरिंग माझ्या हातात होतं, आणि बोटीवर गाडी उलटी चढवायची होती. उतार, ओली फळी, दोन्ही बाजूंना पाणी. सगळे खाली उतरले. सासूबाई तर आधीच लांब जाऊन उभ्या, कारण "गाडी काही पोहत नाही". नवरा डावीकडून हात हलवत होता, "येऊ दे, येऊ दे." बाबा उजवीकडून, "डावीकडे काप! काप म्हणतोय ना!" सासूबाई किनाऱ्यावरून, "थांब गं बाई, थांब!" मुलं नुसतीच किंचाळत होती. मी ब्रेक लावून तशीच बसले. तेवढ्यात बोटीवरचा एक पोरगा, विशीचाही नसेल, खिडकीपाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, आरशात मीच दिसेन. बाकीच्यांकडे बघू नका." मागे जाऊन उभा राहिला, दोन बोटं हलवली, आणि गाडी चढली. एवढं सरळ मला लग्नानंतर कोणी काही सांगितलेलं नाही.

आई या सगळ्यात कुठे होती? मी नंतर आठवून बघितलं. ती जेट्टीवरच्या टपरीशी उभी राहून बोरं घेत होती.

पुळ्याला दर्शन झालं, डोंगराला प्रदक्षिणा झाली. ती जेमतेम किलोमीटरभराची आहे, पण सासूबाईंनी अनवाणी घातली आणि दोन दिवस तळव्यांना तेल लावलं. आंबापोळी, कोकम, फणसाचे गरे असं करत अकराच्या सोळा पिशव्या झाल्या.

परतीला पुन्हा कुंभार्ली. पाटणच्या आसपास पेट्रोल भरलं आणि तिथे ठिणगी पडली. बाबांनी पैसे काढले, नवऱ्यानं त्यांचा हात धरला, बाबा म्हणाले, "आम्ही काय फुकट आलो का?" हे वाक्य ज्या घरात उच्चारलं गेलंय त्यांना पुढचं माहीत असेल. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सासूबाईंनी श्वास घेतला, म्हणजे आता त्या मुलाची बाजू घेणार. गाडी सुरू झाली, आणि ती शांतता, बाप रे.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "पुढच्या वर्षी मालवणला जायचं म्हणताय. मग आंबोलीनं की फोंड्यानं?"

"आंबोली," बाबा म्हणाले. ताबडतोब. "वर भजी मिळतात."

"फोंडा जवळ पडेल," नवरा म्हणाला.

"अहो, गगनबावडा काय वाईट आहे?" सासूबाई.

मी आरशात बघितलं. आई बाहेर उसाची शेतं बघत बोरं खात होती, बिया कागदाच्या पुडीत जमा करत होती. तिनं आरशात माझ्याकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "माझं काय, मी कुठूनही येईन."

ग्रुपवर आंबोली-फोंडा-गगनबावडा अजून चालू आहे. परवा मी मालवणच्या खोल्या बुक करून टाकल्या, कोणी काही विचारलंसुद्धा नाही.