पोर्टेबल सॅटेलाइट रेडिओ घरात आणि चालताना गप्प का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत ओळखीच्यांकडून एक्सएम या कंपनीचा (ती उपग्रहावरून कार्यक्रम पाठवते) जुना, खिशात मावणारा सॅटेलाइट रेडिओ मिळाला, वर्गणी भरून तो चालू केला. गाडीत बरा वाजतो, तरी मधूनमधून खरखर येते. घरात आणि सकाळी चालायला गेल्यावर मात्र सारखा गप्प होतो. सेट बिघडलाय का?

बहुतेक नाही. माझ्याकडेही असाच एक जुना सेट आहे, आणि पहिले दोन महिने मीही त्यालाच शिव्या घालत होतो.

आधी खरखर आणि गप्प होणं ही दोन दुखणी वेगळी काढा. उपग्रहाचा सिग्नल डिजिटल असतो. तो मिळाला तर आवाज स्वच्छ, नाही मिळाला तर शांतता. अधेमधे खरखर असा प्रकार त्यात नाही. तुमच्या गाडीतली खरखर येतेय ती रेडिओपासून गाडीच्या स्टिरिओपर्यंतच्या हातभर अंतरात. हे सेट आवाज एका बारीक एफएम ट्रान्समीटरने गाडीच्या रेडिओकडे पाठवतात, आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर एखादं खरंखुरं स्टेशन असलं की दोघांची झटापट होते. हे ट्रान्समीटर मर्यादेपेक्षा जास्त जोराचे निघाले म्हणून 2006 साली एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, हरकत घेतली होती. त्यामुळे त्यांच्याकडून फार ताकदीची अपेक्षा नको. गाडीत ऑक्सची खाच असेल तर सरळ वायर लावा, विषय संपला. नसेल तर जिथे काहीच लागत नाही अशी एफएमची जागा शोधा. लांबच्या प्रवासात ती जागा दर तासा-दीड तासाने बदलावी लागते, त्याला इलाज नाही.

आता गप्प होण्याबद्दल. आपल्याला मोबाइलची सवय झालेली असते: सिग्नल चहूबाजूंनी येतो आणि भिंतीतूनही घुसतो असं डोक्यात असतं. इथे एक्सएमचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, साधारण 85 आणि 115 अंश पश्चिम रेखांशांवर, 35,786 किलोमीटर उंचीवर एका जागी थांबल्यासारखे आहेत. तिथून निघालेला सिग्नल 2.3 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला असतो, आणि पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की एक छप्पर, एक ओलं झाड किंवा एक माणूस मध्ये आला तरी त्याचा कारभार आटोपतो. म्हणून रेडिओपेक्षा अँटेनाकडे लक्ष द्या, आणि अँटेनाला आकाश दिसतंय का ते बघा.

आकाशही कुठलंही नाही, दक्षिणेकडचं. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची होते. न्यूयॉर्कच्या आसपास 85 अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम चार मुठी वर असतो. ह्यूस्टनमध्ये पाच मुठींच्या थोडा वर. सिअ‍ॅटलला हाच उपग्रह अडीच मुठींवर, म्हणजे समोरची दुमजली इमारतसुद्धा त्याला झाकू शकते. दक्षिणेकडे तोंड करा, मुठी मोजा, आणि तिथे काय आडवं येतंय ते बघा. निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं. (सिरियस ही एक्सएमची तेव्हाची प्रतिस्पर्धी कंपनी, पुढे दोन्ही एक झाल्या. तिच्या जुन्या सेटच्या पुस्तिकेत निराळ्या दिशा दिलेल्या दिसतील. त्यांचे सुरुवातीचे तीन उपग्रह लंबगोल कक्षेत फिरायचे आणि उत्तर अमेरिकेच्या डोक्यावर रेंगाळायचे. ते आता निवृत्त झालेत, तो नकाशा बाजूला ठेवा.)

सेटच्या मेनूत अँटेना किंवा सिग्नल नावाचं पान असतं. त्यात दोन पट्ट्या दिसतात, एक उपग्रहाची आणि एक जमिनीवरच्या टॉवरची. मोठ्या शहरांत उंच इमारतींमुळे उपग्रह झाकले जातात, म्हणून कंपनीने तिथे स्वतःचे रिपीटर, म्हणजे तोच कार्यक्रम जमिनीवरून पुन्हा पाठवणारे टॉवर, लावलेत. दोन्हींपैकी एक पट्टी भरलेली असली तरी पुरे. त्यामुळे शहरात राहणाऱ्याला दक्षिणेच्या खिडकीपेक्षा रस्त्याकडची खिडकी जास्त फळते असंही होतं. ते पान उघडं ठेवून अँटेना हातात घेऊन घरभर हिंडा. मात्र प्रत्येक जागी दहा सेकंद थांबा, कारण पट्ट्या जरा उशिरा हलतात. मी हे माझ्या भाड्याच्या घरात केलं तेव्हा दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीत शून्य आणि मोरीच्या टिचभर खिडकीत चार काड्या निघाल्या. मोठ्या खिडकीच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर होता. डोळ्यांना काच दिसते, लहरींना पत्रा. गाडीच्या काचेला धातूची फिल्म असेल तरी हेच होतं.

स्क्रीनवर काय शब्द येतात तेही नीट वाचा. ‘अ‍ॅक्वायरिंग’ किंवा ‘नो सिग्नल’ आलं तर अँटेना ठीक आहे, तिला काही दिसत नाहीये. ‘चेक अँटेना’ किंवा नुसतं ‘अँटेना’ आलं तर वायर किंवा जोडणीत घोळ आहे. ही अँटेना नुसती पट्टी नसते, तिच्या पोटात छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच वायरमधून जाते. गाडीच्या दारात चेपून चेपून वायर आतून तुटते, बाहेरून मात्र काही दिसत नाही. म्हणून वायर दारातून न नेता मागच्या काचेच्या रबराखालून आत घ्या. उरलेली वायर कापून आखूड करायचा मोह टाळा, सैल गुंडाळी करून ठेवा.

गाडीच्या चुंबकाच्या अँटेनाची जागा छतावर, तीही मधोमध. डॅशबोर्डवर ठेवली तर दोन काड्या मिळतात, कारण अर्धं आकाश छत खातं. शिवाय तिला खाली सपाट लोखंडी पत्रा हवा असतो, त्याच्यामुळे तिची पकड सुधारते. हे कळल्यावर मी घरी एक उद्योग केला. गाडीची जादा अँटेना गॅलरीत आणली आणि डोशाचा जुना लोखंडी तवा उपडा ठेवून त्यावर चिकटवली. कठड्यावर नुसती ठेवल्यावर दोनवर अडकलेली पट्टी तव्यावर चारला गेली. बायकोने तवा परत मागितला नाही. वायफायचा राउटर मात्र अँटेनापासून चार हात लांब ठेवा, तो शेजारच्याच पट्ट्यात बोलतो.

चालतानाची गंमत मला सर्वात उशिरा कळली. मी तळ्याकाठच्या पायवाटेने उत्तरेकडे जायचो आणि त्याच वाटेने परत यायचो. सेट पट्ट्याला, पोटाशी लावलेला. जाताना दर मिनिटाला आवाज तुटायचा, येताना अखंड. झाडं तीच, वाट तीच. एके दिवशी जाताना वैतागून सेट डोक्यावर धरला आणि गाणं सुरू झालं! उत्तरेकडे जाताना दक्षिणेच्या उपग्रहाच्या आणि पोटावरच्या सेटच्या मध्ये मीच उभा होतो. माणूस म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. पाऊस पडून गेल्यावर झाडाखाली सिग्नल जातो त्याचंही कारण हेच. तेव्हा सेट कमरेवरून काढा, खांद्याजवळ लावा. टोपीला किंवा खांद्याला अडकवायची छोटी अँटेना काही मॉडेलबरोबर येत असे, मिळाली तर जरूर घ्या. सिरियसच्या 2006 सालच्या स्टिलेटो सेटबरोबर तर हेडफोनच्या पट्टीतच अँटेना बसवलेली होती. बनवणाऱ्यांनाही ही अडचण पुरती ठाऊक होती.

पुलाखालून जाताना गाडीत आवाज तुटत नाही आणि लाल दिव्याला पुलाखाली थांबलं की तुटतो, याने बुचकळ्यात पडू नका. तोच कार्यक्रम एका उपग्रहावरून चारेक सेकंद उशिरा पाठवतात आणि सेट आधी आलेला भाग साठवून ठेवतो. चार सेकंदांचा अडथळा त्यात पचतो. त्यापुढे उधारी संपते.

रोज झाडीतूनच चालायचं असेल तर थेट प्रक्षेपणाचा हट्ट सोडा. इनोसारखे काही सेट 50 तासांपर्यंत कार्यक्रम साठवतात. रात्री खिडकीतल्या अँटेनावर रेकॉर्ड करून ठेवायचं आणि सकाळी ते ऐकायचं. मी गेली दोन वर्षं असंच करतो. बातम्या शिळ्या होतात, गाणी नाही. शहरात मोबाइलचं नेट चांगलं असेल तर कंपनीचं अ‍ॅप सोयीचं पडतं हे मान्य. सॅटेलाइटची मजा जिथे मोबाइलचा टॉवर संपतो तिथे सुरू होते.

आणखी एक. काही महिने बंद ठेवून सेट पुन्हा चालू केला की वर्गणी भरलेली असूनही फक्त एक-दोन चॅनल लागतात. शून्य नंबरच्या चॅनलवर सेटचा क्रमांक दिसतो. तो कंपनीला फोनवर सांगून त्यांच्याकडून परवानगीचा सिग्नल पुन्हा पाठवून घ्या, आणि तो येईपर्यंत सेट चालू ठेवून उघड्यावर ठेवा. मी पहिल्यांदा हे स्वयंपाकघरात बसून करत होतो. पाऊण तास फोन धरून बसलो, तिकडची बाई बिचारी पुन्हापुन्हा सिग्नल पाठवत होती, आणि सेट फ्रिजच्या आडोशाला होता.