दारू सोडायची आहे. जवळपासच्या मीटिंग कशा शोधायच्या? तिथे काय होतं? आणि कोणी ओळखीचं भेटलं तर?

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच भीतीने मी मीटिंगचा पत्ता पाकिटात ठेवून चार महिने पीत राहिलो.

ओळखीचं कोणी भेटलंच, तर तोही बहुधा त्याच कारणासाठी आलेला असतो. मला माझ्या दुसऱ्याच मीटिंगला असा एक भेटला. रोज लिफ्टमध्ये दिसणारा माणूस, बरोबर समोरच्या खुर्चीत. त्याने नुसती मान हलवली आणि संपल्यावर जवळ येऊन "बरं झालं आलात" एवढंच म्हणाला. लिफ्टमध्ये आजही आम्ही पावसापाण्याचंच बोलतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ए.ए. या मदतगटात, पहिलं नाव पुरतं. आडनाव, नोकरी कोणी विचारत नाही. तरी धाकधूक असेल तर 'बंद' मीटिंग निवडा. तिथे ज्यांना दारू सोडायची आहे तेच बसतात. 'खुल्या' मीटिंगला घरचे किंवा नुसतं समजून घ्यायला आलेलेही असू शकतात.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधी. तुम्ही रोज पीत असाल आणि सकाळी हात थरथरत असतील, दरदरून घाम येत असेल, तर एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, कमी करून नाही. ग्रुप आधार देतो, औषधोपचार करत नाही.

आता शोधण्याचं. ए.ए.च्या संकेतस्थळावर आपापल्या देशाचं पान आणि हेल्पलाइन मिळते. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना जवळचे ग्रुप सहसा ठाऊक असतात. पण वेळ आणि जागा वाचून थेट जाऊ नका, आधी फोन करा. मीटिंगची जागा बदलते, यादीत जुनीच राहते. मी एकदा कुलूप लावलेल्या दारासमोर उभा होतो आणि तिथून सरळ बारमध्ये गेलो. फोन सकाळी करा, पहिल्या घोटाच्या आधी. मीटिंग खुली की बंद, कोणत्या भाषेत, आणि दाराशी मला कोणी भेटेल का, हे विचारा. शेवटचं विचारायला संकोच वाटतो, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाहेर पडणं जमतच नसेल तर ऑनलाइन मीटिंगही असतात.

आत गेल्यावर साधारण तास-दीड तास. थोडं वाचन, मग एकेक जण आपली कहाणी सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ले देत नाही. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. पहिल्या दिवशी माझ्या हातात वाचायला कागद दिला, तो इतका थरथरत होता की अक्षरं दिसेनात. शेजारच्या काकांनी काही न बोलता तो घेतला आणि माझ्या जागी वाचला. फी नसते. वर्गणीची पिशवी फिरते, नवख्याने त्यात काही टाकायची गरज नाही. सभासद व्हायला अट एकच: दारू सोडायची इच्छा.

प्रार्थना आणि 'उच्च शक्ती' हे शब्द कानावर पडतील. मला ते सुरुवातीला खटकले, नंतर त्यांचा माझ्यापुरता अर्थ लावून घेतला. तुम्हाला अजिबात मानवले नाहीत तर स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत, तिथे विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर भर असतो. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे. घरच्यांना त्याबद्दल जरूर सांगा. तुम्ही गेला नाहीत तरी ते जाऊ शकतात.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. माझ्या पहिल्या ग्रुपमध्ये सगळे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते, मन लागेना. तिसऱ्या ग्रुपमध्ये रुळलो. पण त्या पहिल्या मीटिंगमधून मी एक चीज घरी आणली होती, ती म्हणजे पाच फोन नंबर. माझ्या मते मीटिंगचा खरा उपयोग तोच. पिण्याची हुक्की मीटिंगच्या वेळी येत नाही, रात्री अकराला येते.

ए.ए.ची सुरुवातही फोनवरूनच झाली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा शेअर दलाल, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेला, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फसलेलं, बार समोरच. त्याने फोनवर फोन लावून बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, एक सर्जन. मी नंबर लावायला कचरतो तेव्हा मला ती लॉबी आठवते.

तर नंबर मागून घ्या, आणि त्याच रात्री एकाला उगाचच फोन करा, "पोहोचलो" एवढं सांगायला. एकदा असा साधा फोन झाला की अडचणीच्या रात्री तोच नंबर लावणं सोपं जातं. आणि मीटिंगला दहा मिनिटं आधी पोहोचा. खुर्च्या मांडायचं काम चालू असतं, हात लावा. मी तेच केलं होतं.