ह्यूस्टन की स्टुटगार्ट: पोलिसांच्या गोळीबाराबद्दल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

तुमच्या हातात अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन आणि जर्मनीतील स्टुटगार्ट अशा दोन्ही ठिकाणच्या नोकऱ्या आहेत, मुलगा १६ वर्षांचा आहे, आणि अमेरिकेत पोलिस गोळ्या घालतात या धास्तीने घरच्यांनी ह्यूस्टनला विरोध केला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. दोन देशांत एवढा फरक का, आणि तो तुमच्या कुटुंबापर्यंत कितपत पोहोचतो, हे तुमचे प्रश्न आहेत. मी आधी जर्मनीत राहिले आणि आता बरीच वर्षे टेक्सासमध्ये आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घरच्यांची भीती निराधार नाही; मात्र अमेरिकेतला पोलिस स्वभावानेच क्रूर असतो हे तिच्यामागचे गृहीतक मला पटत नाही.

आधी आकडे पाहू. अमेरिकेत अशा मृत्यूंची पूर्ण सरकारी नोंद नव्हती. २०१४ साली मिसूरी राज्यातील फर्ग्युसन येथे एका कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातल्यानंतर ही उणीव सर्वांच्या लक्षात आली आणि २०१५ पासून वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने स्वतः मोजणी सुरू केली. २०२४ पर्यंत चाललेल्या त्या मोजणीनुसार पोलिसांच्या गोळीने दरवर्षी सुमारे १,००० किंवा त्याहून थोडी अधिक माणसे मेली. जर्मनीत हा आकडा बहुतेक वर्षी १० च्या आसपास असतो आणि एखाद्या वर्षी २० च्या थोडा वरही जातो. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर अमेरिकेतील धोका जर्मनीच्या साधारण १२ ते २५ पट भरतो. तरीही अमेरिकेतील प्रमाण वर्षाला १० लाख लोकांमागे तीनच्या आसपास आहे, हेही घरच्यांना सांगा.

युरोपातील पोलिस नि:शस्त्र असतात म्हणून तिथे गोळीबार होत नाही, असे अनेक जण सांगतात. इंग्लंडमधील बहुसंख्य पोलिसांकडे बंदूक नसते आणि नॉर्वेत बरीच वर्षे ती सहसा गाडीत कुलुपात असे, हे खरे आहे. पण जर्मनीतील गस्तीवरच्या पोलिसाच्या कमरेला टेक्सासच्या पोलिसासारखेच पिस्तूल असते. त्यामुळे पोलिसाच्या हातात काय आहे यापेक्षा समोरच्याच्या हातात काय असेल असे तो धरून चालतो, याला अधिक महत्त्व आहे. २०१७ च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते. वॉशिंग्टन पोस्टच्या नोंदींतही मरण पावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे बंदूक होती.

याचा अर्थ रस्त्यावर गाडी थांबवली जाते तेव्हा कळतो. मागे लाल-निळे दिवे लागतात आणि आपण गाडी कडेला घेतो. पोलिस काही वेळ स्वतःच्या गाडीतच बसून आपला नंबर तपासतो, मग मागून तिरका चालत येतो, टॉर्चचा झोत आधी मागच्या सीटवर आणि मग आपल्या मांडीवर टाकतो, आणि दाराच्या थोडा मागे अशा ठिकाणी थांबतो की त्याच्याकडे पाहायला आपल्याला मान वळवावी लागते. त्याचा दुसरा हात पिस्तुलाजवळ असतो. जर्मनीत माझी गाडी थांबवली गेली तेव्हा पोलिस सरळ खिडकीशी आला आणि त्याने कागद मागितले. दोघेही माझ्याशी सभ्यपणेच वागले, पण टेक्सासमधला माणूस माझ्या गाडीत बंदूक आहे असे समजूनच आला होता.

मात्र सगळा दोष बंदुकांवर टाकला की उरलेली कारणे झाकली जातात, आणि त्याबद्दल मला खरोखर कळकळ आहे. ब्राझीलमध्ये नागरिकांकडे अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी बंदुका आहेत आणि लोकसंख्याही कमी आहे, तरी तिथे अलीकडच्या काही वर्षांत पोलिसांच्या हातून दरवर्षी ६,००० हून अधिक माणसे मेली. उलट स्वित्झर्लंडमध्ये अनेक घरांत शस्त्रे असूनही असे मृत्यू क्वचितच होतात. समोरच्याकडे फक्त चाकू असतो तेव्हा काय घडते, हे पाहिले की प्रशिक्षणाचा फरक उघड होतो. जर्मनीत पोलिस होण्यासाठी अडीच ते तीन वर्षे शिकावे लागते. अमेरिकेतील पोलिस अकादमीचा मूळ अभ्यासक्रम सरासरी २१ आठवड्यांच्या आसपास असतो आणि त्यात नेमबाजीला मोठा वाटा मिळतो. चाकूधारी माणूस २१ फुटांवरून झेपावला तर पिस्तूल काढून गोळी झाडण्याआधीच तो पोहोचू शकतो, हा १९८३ मध्ये एका प्रशिक्षकाने मांडलेला हिशेब अनेक ठिकाणी जणू नियम म्हणूनच शिकवला गेला. २०१५ मध्ये अमेरिकी पोलिस अधिकाऱ्यांचा एक गट स्कॉटलंडला गेला, तेव्हा तिथले नि:शस्त्र पोलिस चाकूधारी माणसापासून अंतर राखून, आडोसा धरून आणि बोलत राहून वेळ कसा काढतात, हे त्यांनी पाहिले. हे शिकता येण्यासारखे आहे, पण अमेरिकेत सुमारे १८,००० वेगवेगळी पोलिस दले आहेत, त्यांतील कित्येकांत दहासुद्धा पोलिस नाहीत, आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत.

दुसरे कारण कायद्याचे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालात असे ठरवले की पोलिसाने केलेला बळाचा वापर हा त्या क्षणी त्याच्या जागी असलेल्या समंजस पोलिसाच्या दृष्टीने वाजवी होता का, एवढेच पाहायचे. युरोपातील मानवी हक्क कराराच्या दुसऱ्या कलमाची कसोटी कितीतरी कडक आहे, कारण तिथे जीवघेणे बळ नितांत आवश्यक होते हे सिद्ध व्हावे लागते.

नियम बदलल्याने प्राण वाचतात का, याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण अमेरिकेतलेच आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या गोळ्यांनी ९३ माणसे मेली. पुढच्या वर्षी गोळी केव्हा झाडायची याचे नियम कडक झाले आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीची चौकशी होऊ लागली. २०१० मध्ये त्याच शहरात आठ माणसे मेली. गुन्हेगारी घटली म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. पण न्यूयॉर्कमधील गुन्हेगारी नव्वदच्या दशकात उतरली आणि पोलिसांचा गोळीबार त्याच्या कितीतरी आधी कमी झाला होता. म्हणूनच न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतील प्रमाण न्यू मेक्सिको किंवा अलास्का यांच्या मानाने फार कमी आहे, हे पाहून मला आश्चर्य वाटत नाही.

हा धोका सर्वांना सारखा नाही. कृष्णवर्णीयांचे अशा मृत्यूंतील प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे, आणि या अन्यायाकडे आपण आपल्यापुरते पाहून डोळेझाक करू नये. शिवाय संशयाची नजर आपल्यावरही पडू शकते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन येथे मुलाकडे आलेले एक भारतीय आजोबा सकाळी फिरत असताना कोणीतरी पोलिसांना फोन केला, त्यांना इंग्रजी येत नव्हते, आणि पोलिसाने त्यांना असे जमिनीवर पाडले की मणक्याला इजा होऊन त्यांचे अंग काही प्रमाणात लुळे पडले. तुमचे आई-वडील राहायला येणार असतील तर त्यांच्या खिशात तुमचा पत्ता आणि फोन नंबर असू द्या.

मुलाबद्दल सांगायचे तर, टेक्सासमध्ये २०१७ च्या कायद्यामुळे पोलिसाने थांबवल्यावर कसे वागावे हे शाळेत आणि ड्रायव्हिंगच्या वर्गात शिकवले जाते. तरीही घरी सराव करून घ्या. गाडीतून उतरून पोलिसाकडे चालत जायचे नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, लायसन्स काढण्याआधी ते कुठे आहे हे सांगायचे आणि मगच हात हलवायचा. खेळण्यातली बंदूक घेऊन घराबाहेर पाऊल टाकायचे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या एका बागेत १२ वर्षांच्या मुलाकडे अशीच बंदूक होती. ती बहुधा खोटी असावी असे फोन करणाऱ्याने सांगितले होते, पण ते पोलिसांपर्यंत पोहोचले नाही, आणि त्यांची गाडी आल्यावर दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली.

घरात कोणाला मानसिक आजार असेल तर मात्र निर्णयात या धोक्याचे वजन बरेच वाढवा. अमेरिकेतील अशा मृत्यूंपैकी सुमारे एक पंचमांश प्रकरणांत मानसिक आजाराची चिन्हे नोंदलेली आहेत. जर्मनीही यातून सुटलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये डॉर्टमुंड येथे आत्महत्येच्या विचारात हाती चाकू घेऊन बसलेल्या १६ वर्षांच्या निर्वासित मुलाला पोलिसांच्या गोळ्यांनी मारले. ह्यूस्टनच्या पोलिसांकडे मानसिक आरोग्याचे प्रशिक्षित कर्मचारी सोबत घेऊन जाणारी पथके आहेत, पण आसपासच्या लहान गावांची दले स्वतंत्र आहेत, तेव्हा घर भाड्याने घेण्याआधी तिथले दल कोणते आणि त्यांच्याकडे अशी सोय आहे का, हे विचारा. तातडीचा धोका नसेल तर मानसिक संकटासाठी असलेल्या ९८८ या क्रमांकावर फोन करा. पोलिसांना बोलावण्याच्या ९११ या क्रमांकालाच करावा लागला तर माणूस आजारी आहे आणि त्याच्या हातात शस्त्र आहे की नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि मानसिक संकट हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवा असे स्पष्ट शब्दांत मागा.