हमोंग, ह्मोंग की मोंग?

विचारणा अशी: 'ग्रॅन टोरिनो' चित्रपटातल्या शेजाऱ्यांच्या जमातीचं नाव मराठीत कसं लिहावं? 'मिआओ' म्हणजे तेच लोक का?

'हमोंग' आधी बाद करा. 'ह'नंतर स्वरच नाही. क्लिंट ईस्टवुडच्या या २००८ च्या चित्रपटात म्हातारा वॉल्ट हीच चूक करतो. तो 'हुमोंग' म्हणतो आणि वर ते आहे कुठे म्हणून विचारतो. हे जागेचं नाही, लोकांचं नाव आहे, असं शेजारची ह्मोंग मुलगी सू त्याला सुनावते.

मूळ ध्वनी काढायचा तर ओठ मिटा, घसा गप्प ठेवून नाकातून श्वास सोडा आणि त्याच दमात 'मों' म्हणा. आता गळ्याला बोट लावून 'म्हैस' म्हणून बघा. 'म्ह'ला गळा सुरुवातीपासून थरथरतो, इथे ती थरथर जरा उशिरा येते. फरक एवढाच. म्हणजे 'म्होंग' हा आपल्या तोंडाला जमणारा सर्वांत जवळचा उच्चार. लिहिताना मात्र 'ह्मोंग' ठेवावं. 'ब्राह्मण' लिहून 'ब्राम्हण' वाचणाऱ्यांना ते जड जाऊ नये. 'मोंग'ही चूक नाही. पांढरे ह्मोंग आणि हिरवे मोंग अशा दोन मोठ्या बोली आहेत आणि हिरव्या बोलीत हा श्वास नसतो.

शेवटच्या 'ग'वर जोर नको. १९५०च्या दशकात लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवलेल्या रोमन लिपीत हा शब्द एच, एम, दोन ओ आणि बी असा लिहितात. तो 'ह्मूब' नव्हे! दोन ओ म्हणजे नाकातला ओ. शेवटचा बी उच्चारायचाच नसतो, तो फक्त चढा सूर दाखवतो.

'मिआओ' हा चीनमधला सरकारी गट. त्यात ह्मोंगांखेरीज वेगळ्या भाषा बोलणारेही येतात, तेव्हा तो समानार्थी म्हणून वापरू नये. लाओस-थायलंडकडचं 'मेओ' तर हिणवणारं आहे. (मेवातचे मेव निराळे.) सामान्यरूप सरळ करा: ह्मोंगांचा, ह्मोंगांना. 'ह्मोंगी' कशाला, 'ह्मोंग भाषा' पुरे.

जाता जाता सूच्या भावाच्या, थाओच्या नावाबद्दल. 'थाओ' हे खरं तर कुळाचं नाव, चित्रपटात ते मुलाला दिलंय. ह्मोंग उच्चार 'थॉ'च्या जवळ जातो, सूर वरून खाली. त्यातला 'थ' आपल्या 'थाळी'तलाच. इंग्रजी कानाला हा 'थ' 'ट'सारखा ऐकू येतो, म्हणूनच वॉल्टला त्याला 'टोड', म्हणजे भेक, म्हणून चिडवता येतं. मराठी उपशीर्षकात नुसतं 'बेडका' लिहिलं की ही कोटी गेलीच.